वाटी परत कोण करणार? झीरो-कॉपी रिसीव्ह आणि मेमरीची पानं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. या वेळी आकडे जरा जास्त आहेत, आणि गर्दीच्या गाडीत ऐकताना आकडे हमखास निसटतात, म्हणून ज्यांना वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझा 'म्हणजे'चा पाऊस थोडा कमी केलाय.

मागे एकदा आपण सेंडफाइलबद्दल बोललो होतो. सर्व्हरला डिस्कवरची फाइल नेटवर्कवर पाठवायची असते. ती आधी प्रोग्रॅमच्या मेमरीत आणायची आणि तिथून पुन्हा कर्नलमध्ये न्यायची, हा वळसा कसा वाचवतात, ते पाहिलं. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सैन्यातला कर्नल वेगळा, रुबाब मात्र दोघांचा सारखाच.) त्यावर एका श्रोत्याचा प्रश्न आला: "पाठवताना कॉपी वाचते, मग डेटा घेताना का नाही वाचवत? तेच उलटं केलं की झालं ना?"

प्रश्न एकदम रास्त आहे. पण उलटं केल्यानं होत नाही, आणि का होत नाही याचं उत्तर नेटवर्कमध्ये कमी आणि मेमरीच्या पानांमध्ये जास्त आहे. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी साधी गोष्ट बघू. नेटवर्कवरून पॅकेट आलं की होतं काय? नेटवर्क कार्ड ते पॅकेट स्वतःच मेमरीत लिहून टाकतं, सीपीयूला मध्ये घेत नाही. याला डीएमए म्हणतात. कुठे लिहायचं हे कर्नलनं आधीच सांगून ठेवलेलं असतं. रिकाम्या जागांची एक गोल यादी असते, तिला रिंग म्हणतात. कार्ड पुढची रिकामी जागा उचलतं, पॅकेट टाकतं, पुढे सरकतं. मग कर्नल पॅकेटचं हेडर वाचतो: हे कुणाचं, क्रमानं आलंय का, मधलं काही हरवलंय का. सगळं ठीक असेल तर डेटा सॉकेटच्या रांगेत लावतो. आणि तुमचं अ‍ॅप जेव्हा म्हणतं 'दे बाबा आता', तेव्हा कर्नल ते बाइट्स अ‍ॅपच्या बफरमध्ये उतरवून देतो. हीच ती कॉपी.

शेजारच्या काकूंनी वाटीत खीर पाठवलीय असं समजा. तुम्ही खीर आपल्या पातेल्यात ओतून घेता, वाटी धुता, आणि परत देता. (आपल्याकडे रिकामी वाटी परत देत नाहीत, पण तो भाग सोडा.) ओतून घेण्यात थोडा वेळ गेला, पण हिशेब तिथल्या तिथे मिटला. वाटी काकूंची, खीर तुमची. आता तुम्ही ठरवलं की ओतायचं कशाला, काकूंच्या वाटीतूनच खाऊ. वेळ वाचला खरा. पण वाटी तुमच्याकडे किती वेळ राहणार? आणि काकूंकडे वाट्या आहेत किती?

झीरो-कॉपी रिसीव्हची सगळी भानगड याच दोन प्रश्नांत आहे. कॉपी टाळणं त्या मानानं सोपं. वाटी कुणाकडे आहे आणि ती परत कधी आली, हे बिनचूक लक्षात ठेवणं, तेही सेकंदाला लाखो वेळा, हे अवघड.

कॉपीचं एवढं काय?

तुमच्या फोनपुरतं बोलायचं तर काहीच नाही. १०० मेगाबिटचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एवढी कॉपी आजचा कुठलाही प्रोसेसर डोळे मिटून करतो. त्यामुळे तुमची बॅटरी यामुळे संपत नाही, उगाच घाबरू नका.

डेटा सेंटरमधलं मशीन घ्या, त्याला २०० गिगाबिटचं कार्ड लावलेलं आहे. २०० गिगाबिट म्हणजे सेकंदाला २५ गिगाबाइट. तेवढा डेटा कॉपी करायचा तर २५ गिगाबाइट वाचायचा आणि २५ लिहायचा, म्हणजे ५० झाला. डीडीआर५-४८०० मेमरीचं एक चॅनल कागदावर जास्तीत जास्त ३८.४ गिगाबाइट देतं. म्हणजे एका आख्ख्या चॅनलला पेलणार नाही एवढी वाहतूक फक्त 'इकडचं तिकडे' करण्यात. प्रोसेसरची कॅश बरंच झेलते, हे खरं. पण मग त्याच कॅशमधून तुमच्या प्रोग्रॅमचा कामाचा डेटा बाहेर ढकलला जातो, म्हणजे दुखणं फक्त जागा बदलतं. तुम्ही फोटोंचा बॅकअप टाकता, लोक मोठमोठी मॉडेल्स शिकवतात, त्यामागे मशीन-मशीनमध्ये हीच वाहतूक दिवसरात्र चालू असते.

मग उलटं का होत नाही?

पाठवताना डेटा कुठे आहे हे माहीत असतं. कार्डला म्हणायचं, 'हे बघ, ही जागा, इथून वाच आणि पाठव.' झालं. घेताना गोष्ट वेगळी. कार्डला पॅकेट कुणाचं आहे हे ते येईपर्यंत माहीतच नसतं! रिंगमधली जागा मात्र त्याआधीच ठरलेली असते. पॅकेट तुमच्या ब्राउझरचं असेल, नाहीतर बाजूच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमचं. ते पडणार पुढच्या रिकाम्या वाटीत.

यावर दोनच मार्ग निघतात. एक, पॅकेट येऊन पडल्यावर ती जागाच अ‍ॅपला दाखवायची. दोन, पॅकेट यायच्या आधीच अशी व्यवस्था लावायची की या अ‍ॅपचा डेटा याच अ‍ॅपच्या जागेत पडेल. लिनक्सनं दोन्ही करून पाहिलेत.

पहिल्या मार्गाकडे जायच्या आधी 'पान' समजून घेऊ. मेमरीची वाटणी कर्नल बाइटवार करत नाही, पानवार करतो. पीसीवर एक पान म्हणजे ४०९६ बाइट. कुणाला काय दिसेल आणि कुणाला काय लिहिता येईल, हे हार्डवेअर फक्त पानाच्या मापानं ठरवू शकतं. अर्धं पान दाखवलं, अर्धं झाकलं, असं जमत नाही. आणि इथेच गाडी अडते. साधं पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. ते ४०९६ च्या पानात पडलं तर उरलेल्या जागेत काय आहे? कदाचित मघाशी दुसऱ्याच प्रोग्रॅमला आलेल्या डेटाचे अवशेष. कितीतरी ड्रायव्हर तर काटकसर म्हणून एका पानाचे दोन भाग करतात आणि दोन वेगळी पॅकेट्स त्यात ठेवतात, ती दोन वेगळ्या प्रोग्रॅम्सची असू शकतात. असं पान तुमच्या अ‍ॅपला दाखवलं तर ती सरळसरळ सुरक्षेची चूक आहे. तुमच्या चॅट अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपचं पान दिसल्यासारखं. कॉपी करताना हा धोका नसतो, कारण कर्नल मोजून तुमचेच बाइट्स उतरवतो. त्या कॉपीला आपण नुसती नावं ठेवतो, पण ती गुपचूप राखणदारीही करत असते.

म्हणून २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ मध्ये जेव्हा टीसीपी झीरोकॉपी रिसीव्ह आलं (एरिक ड्युमाझे यांचं काम, ते गूगलमध्ये नेटवर्किंगवर काम करत होते), तेव्हा अट कडक होती: डेटानं पूर्ण पान भरलेलं पाहिजे, आणि पानाच्या सुरुवातीपासून भरलेलं पाहिजे. अर्धवट पान चालणार नाही. आता पॅकेटच्या पुढे तर हेडर असतं, मग डेटा पानाच्या सुरुवातीला कसा येणार? त्यासाठी कार्डला हेडर वेगळं काढता आलं पाहिजे. हेडर एका जागी, डेटा दुसऱ्या पानात. आणि पॅकेटचं मापही असं हवं की डेटा बरोबर ४०९६ भरेल. आयपीव्ही४ चं हेडर २०, टीसीपीचं २०, टाइमस्टॅम्पचे १२, म्हणजे एमटीयू ठेवायचा ४१४८. आयपीव्ही६ असेल तर ४१६८. आणि हा आकडा दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक स्विचला चालला पाहिजे. आपल्या घरच्या राउटरला हे सांगून बघा!

मी खरंच बघितलं. मोठ्या उत्साहानं रविवारी लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला, वाय-फायवरून फाइल मागवली. एकही पान मिळालं नाही. या कॉलमध्ये कर्नल एक आकडा परत देतो, की एवढे बाइट्स पानात बसत नाहीत, ते नेहमीच्या रस्त्यानं वाचून घे. मला दर वेळी सगळेच्या सगळे बाइट्स 'नेहमीच्या रस्त्यानं' असाच निरोप. दुपार गेली. चूक कर्नलची नव्हती, १५०० च्या पॅकेटकडून मी ४०९६ ची अपेक्षा करत होतो.

पान दाखवण्याचा खर्च

बरं, समजा सगळं जुळलं. डेटासेंटर तुमचं, स्विच तुमचे, पानं भरून येतायत. कर्नल ते पान अ‍ॅपच्या पेज टेबलमध्ये जोडतो, फक्त वाचण्यापुरतं. लिहायची परवानगी नाही. अ‍ॅपनं डेटा वाचला. आता पान काढून घ्यायचंय.

आणि काढून घेणं महाग आहे. प्रत्येक कोअर आपल्याजवळ पत्त्यांची एक छोटी वही ठेवतो, टीएलबी. कुठलं आभासी पान खऱ्या मेमरीत कुठे आहे, याच्या ताज्या नोंदी त्यात. पान काढून घेतलं तर त्या नोंदी खोडल्या पाहिजेत, नाहीतर अ‍ॅप जुन्या पत्त्यावरून असं पान वाचत राहील ज्यात आता दुसऱ्याचा डेटा आहे. तुमचा प्रोग्रॅम आठ कोअरवर पळत असेल तर आठही कोअरना हातातलं काम थांबवून सांगावं लागतं, बाबांनो, ही नोंद खोडा. शिवाय पेज टेबल बदलताना कुलूप लागतं, आणि एकाच प्रोग्रॅमचे वेगवेगळे थ्रेड त्या एका कुलपापाशी रांग लावतात. म्हणून पानं एकेक करून नाही, तर गठ्ठ्यानं जोडतात आणि गठ्ठ्यानं काढतात.

ही तक्रार नवी नाही. २००६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फ्रीबीएसडीमधल्या झीरो-कॉपी सॉकेटवर अशाच मुद्द्यावरून सडकून टीका केली होती. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की पेज टेबलशी खेळ करण्यापेक्षा साधी कॉपी पुष्कळदा स्वस्त पडते. शब्द नेहमीसारखे तिखट होते, ते इथे नको. पण मुद्दा झेन नावाच्या हायपरव्हायजरनं अनुभवून सिद्ध केला. तिथे सुरुवातीला व्हर्च्युअल मशीनला आलेलं पॅकेट कॉपी न करता पानंच्या पानं अदलाबदल करून देत असत. पुढे मोजून पाहिलं तर अदलाबदलीचा खर्च कॉपीपेक्षा जास्त! मग ते निमूटपणे कॉपीवर परत आले. मला हा किस्सा फार आवडतो. 'झीरो-कॉपी' हे नाव ऐकूनच आपण खूश होतो, पण झीरो-खर्च असं कुणी म्हटलेलंच नसतं.

दुसरा मार्ग: आधीच वाट्या देऊन ठेवणं

आता दुसरा मार्ग, आणि गेल्या दोन वर्षांत खरी हालचाल इथेच झालीय.

कल्पना अशी. पानं दाखवायची आणि काढायची, हे प्रत्येक वेळी करायचंच कशाला? अ‍ॅपनं सुरुवातीलाच आपल्या मेमरीचा एक मोठा तुकडा कर्नलकडे नोंदवायचा. कार्डची एक रांग त्या अ‍ॅपसाठी राखून ठेवायची, आणि त्या रांगेच्या रिंगमध्ये याच तुकड्यातली पानं भरायची. कार्डला नियम सांगायचा की या कनेक्शनची पॅकेट्स याच रांगेत टाक, बाकीच्यांची इतर रांगांत. आता डेटा थेट अ‍ॅपच्या मेमरीत पडतो. पेज टेबल एकदाच लावलं, पुन्हा हात लावायचा नाही. कोअरना थांबवायचं नाही.

एएफ-एक्सडीपीमध्ये हे २०१८ पासूनच होतं, पण तिथे पॅकेट कच्चं मिळतं, टीसीपी तुमचा तुम्ही सांभाळायचा. तो सांभाळणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. मे २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१५ मध्ये आयओ-यूरिंगला जी झीरो-कॉपी रिसीव्हची सोय मिळाली, तिच्यात टीसीपी कर्नलकडेच राहतो. इथेही हेडर वेगळं काढणं सक्तीचं आहे, पण कारण वेगळं. हेडर जर अ‍ॅपच्या मेमरीत पडलं तर कर्नल ते तपासत असताना अ‍ॅप त्यात फेरफार करू शकेल. म्हणून हेडर कर्नलच्या पानात, डेटा अ‍ॅपच्या पानात. हे काम पाठवताना लेखकांनी जे आकडे दिले होते त्यात एका चाचणीत जुन्या पद्धतीनं सेकंदाला ८२ गिगाबिटच्या आसपास मिळत होते, नव्या पद्धतीनं ११६ च्या आसपास. साधारण ४० टक्के जास्त.

आता मूळ प्रश्नाकडे या. वाटी परत कशी करायची?

अ‍ॅप आणि कर्नल यांच्यामध्ये एक वेगळी रिंग असते, रिफिल रिंग. डेटा आला की कर्नल सांगतो, अमुक ठिकाणी इतके बाइट्स आहेत. अ‍ॅप वाचतं, काम संपलं की त्या जागेची नोंद रिफिल रिंगमध्ये टाकतं. कर्नल ती उचलून पुन्हा कार्डच्या रिंगमध्ये लावतो. दर वेळी कर्नलला हाक मारायची गरज नाही, दोघं एकाच रिंगमध्ये आपापल्या बाजूनं लिहितात-वाचतात.

आता हिशेब करा. सेकंदाला २५ गिगाबाइट म्हणजे ४०९६ बाइटची सुमारे ६१ लाख पानं. समजा अ‍ॅपनं ६४ मेगाबाइटचा तुकडा नोंदवलाय. त्यात पानं किती? १६,३८४. पूर्ण वेगानं डेटा येत असेल आणि अ‍ॅपनं एकही पान परत केलं नाही, तर तुकडा किती वेळ पुरेल? २.७ मिलीसेकंद. बास! अ‍ॅपचा थ्रेड दुसऱ्या कामासाठी तीन मिलीसेकंद बाजूला गेला, जे कुठल्याही मशीनवर सहज होतं, तेवढ्यात वाट्या संपल्या. कार्डला टाकायला जागा नाही, पॅकेट सांडतं, टीसीपी ते पुन्हा मागवतो, वेग कोसळतो.

कुणी म्हणेल, टीसीपीमध्ये विंडो असते ना, घेणारा पाठवणाऱ्याला 'थांब' म्हणू शकतो. म्हणतो, पण कधी? डेटा सॉकेटच्या रांगेत साचला तर. इथे डेटा अ‍ॅपला सुपूर्द झालेला असतो, टीसीपीच्या दृष्टीनं तो 'वाचून झाला'. त्यामुळे तो आनंदानं विंडो उघडतो, पाठव अजून! पान मात्र अडकलेलंच. कॉपीच्या जमान्यात 'डेटा वाचला' आणि 'जागा मोकळी झाली' या दोन गोष्टी एकाच क्षणी होत होत्या. झीरो-कॉपीत त्या फुटून वेगळ्या झाल्या, आणि दुसरीची जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्यावर आली. तुम्ही जर पान धरून ठेवून त्यावर सावकाश काम करणार असाल, तर हवा तो भाग आपणच कॉपी करून पान लगेच सोडणं शहाणपणाचं. हो, तुम्ही बरोबर वाचलंत.

कर्नलला अ‍ॅपवर विश्वास ठेवूनही चालत नाही. अ‍ॅपनं एकच पान दोनदा परत केलं तर? कर्नलनं ते दोनदा कार्डला दिलं तर दोन पॅकेट्स एकाच जागी पडतील. किंवा न मिळालेलंच पान 'परत' केलं तर? म्हणून प्रत्येक जागेमागे एक मोजणी असते, अ‍ॅपला किती वेळा दिली आणि किती परत आली. ज्याची नोंद नाही ते परत घेतलं जात नाही. आणि अ‍ॅप मध्येच मेलं तर त्याच्याकडची सगळी पानं कर्नल स्वतः जमा करतो. शिवाय काही डेटा, उदाहरणार्थ कार्डला रांगेचा नियम सांगायच्या आधीच आलेला, कर्नलच्या साध्या पानात पडलेला असतो. तो कर्नल गुपचूप अ‍ॅपच्या तुकड्यात कॉपी करून देतो. म्हणजे झीरो-कॉपीच्या पोटातही थोडी कॉपी आहेच.

याच कल्पनेचं आणखी एक टोक म्हणजे डिव्हाइस मेमरी टीसीपी, नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ मध्ये आलेलं. तिथे डेटा रॅममध्ये पडतच नाही, थेट जीपीयूच्या मेमरीत जातो. कर्नल हेडर वाचतो, टीसीपी चालवतो, पण आतला डेटा त्याला दिसतसुद्धा नाही. पोस्टमननं पाकीट न उघडता पत्ता वाचून पोचवावं तसं. जागा परत करायला तिथे टोकन असतं. अ‍ॅपला डेटासोबत टोकन मिळतं, काम झालं की टोकन परत. सॉकेट बंद केलं तर उरलेली टोकनं कर्नल स्वतःच मिटवतो.

फोनशी संबंध एकच, पण मजेदार. अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानांची सोय आलीय. मोठी पानं म्हणजे टीएलबीच्या वहीत कमी नोंदी, अ‍ॅप्स जरा चटकन उघडतात. पण आपल्या २०१८ च्या पहिल्या मार्गाला हे मारकच. ४०९६ भरताना आपली दमछाक होत होती, आता १६,३८४ भरायचे. ९००० बाइटची जंबो पॅकेट्ससुद्धा निम्म्याच्या थोडं पुढे जाऊन थांबतील.

तर श्रोतेमित्रा, पाठवताना पान कधी मोकळं होणार हे कर्नललाच कळतं, समोरून पोच आली की झालं. घेताना ते फक्त तुझ्या अ‍ॅपला माहीत असतं. म्हणून उलटं होत नाही.

घरी लिनक्स असेल तर एक करून बघा. इथटूल नावाची कमांड आहे, तिला स्मॉल जी हा पर्याय आणि तुमच्या कार्डचं नाव द्या. ती रिंगची मापं दाखवते, आणि नव्या आवृत्तीत तिथेच 'टीसीपी डेटा स्प्लिट' अशी एक ओळ असते. तेच आपलं हेडर वेगळं काढणं. माझ्या लॅपटॉपवर तिथे 'लागू नाही' असं येतं. तुमच्याकडे काय येतं ते कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.